मोझॅकच्या हॉलमधली भिंत काढली. आता मधल्या पट्ट्यात फरशी कोणती बसवू?

तापीकाठची (भुसावळ)

नमस्कार. प्रश्न लांब आहे. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

घर सासऱ्यांनी १९८६ साली बांधलं. ते रेल्वेत, लोको शेडला होते. पुढे हॉल, त्याला लागून जेवणाची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला कोठीची खोली. चारही खोल्यांत एकच मोझॅक आहे, १० बाय १० इंची. जमीन पांढरट-राखाडी, त्यात हिरवी आणि काळी चिप (दगडाचे बारीक तुकडे), मध्येच एखादी पिवळी.

हॉल आणि जेवणाच्या खोलीमध्ये साडेचार इंची विटांची भिंत होती. श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशी देवी, बसते. त्या दिवशी सगळी भाऊबंदकी घरात असते आणि हॉलमध्ये निम्मीही मंडळी मावत नाहीत. मागच्या खेपेला चुलत दीर आणि त्यांची मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर रोट (कानबाईचा प्रसाद) जेवली. तेव्हापासून ही भिंत काढायचं घाटत होतं. इंजिनियरला आणून दाखवलं. भिंतीवर भार नाही, वरचा बीम स्वतंत्र आहे, हे त्यांनी तपासलं आणि मगच पाडली. त्यामुळे ‘भिंत का पाडली’ असं कृपया कुणी विचारू नका. ते नणंदांनी विचारून झालंय.

आता अडचण. भिंतीखाली फरशी नव्हती. प्लास्टर धरून ६ इंचांचा उघडा पट्टा राहिलाय, १२ फूट लांब. त्याच्या हॉलकडच्या बाजूला सगळे कापीव तुकडे आहेत, ४ इंच रुंदीचे. जेवणाच्या खोलीकडचे कापीव तुकडे ७ इंचांचे. मला वाटलं होतं, मध्ये तुकडे भरले की झालं. पण दोन्ही खोल्यांच्या ओळीच जुळत नाहीत. हॉलमधली सांध्याची रेघ सरळ पुढे नेली तर जेवणाच्या खोलीतल्या रेघेच्या तीन इंच बाजूला पडते. शिवाय जेवणाची खोली जराशी खाली आहे, साधारण पाव इंच. भिंत असताना कधी कळलं नाही, आता अनवाणी चाललं की कळतं. आणि पट्ट्याच्या मधोमध काँक्रीटचा उंचवटा आहे, तो वेगळाच.

ठेकेदाराने तीन मार्ग सांगितले. पहिला, सगळीकडे वरून २ बाय २ फुटांची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. दुसरा, ‘डिट्टो’ मोझॅक. त्याचा नमुना त्याने जळगावहून आणला. तो आमच्या फरशीशेजारी ठेवला तर निळसर पांढरा दिसतो, चिप बारीक आहे आणि आकारानेही किंचित लहान. तिसरा मार्ग, पट्ट्यात लाकडासारखी दिसणारी टाइल. त्यावर सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे विषय संपला. व्हिट्रिफाइडवर मात्र बोलल्या: “मे महिन्यात दुपारी मी हिच्यावर चटई न टाकता आडवी होते. तुमच्या त्या आरशावर आधी तू झोपून दाखव.”

मलाही ही फरशी काढायची नाही. पण ठिगळही नको आहे. जेवणाच्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, संध्याकाळचं ऊन थेट त्या पट्ट्यावर येतं, त्यामुळे जे काही बसवू ते झाकलं जाणार नाही. श्रावणाच्या आत काम उरकायचंय. कुणी असं काम केलंय का?

पुण्यातला शिरपूरकर

वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फरशीला चाळीस वर्षं होत आली, तिचं आयुष्य संपलं. सगळीकडे व्हिट्रिफाइड टाका, मोकळे व्हा.

अनुभवावरून सांगतो. आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची गळती शोधताना प्लंबरने पॅसेजमधल्या चार टाइल्स फोडल्या. कंपनी तीच, डिझाइन तेच, दुकानही तेच. तरी नवीन चार टाइल्स आजही दारातून ओळखू येतात. खोक्यावर शेड नंबर आणि बॅच नंबर छापलेला असतो, आणि बॅच बदलली की भट्टीतला रंग केसभर बदलतो, हे मला दुकानदाराने टाइल्स बसवून झाल्यावर सांगितलं. शिवाय गुजरातेतल्या मोरबीचे टाइल कारखाने डिझाइन्स इतक्या भराभर बदलतात की दोनतीन वर्षांनी तोच माल मिळेल याची खात्री नसते. चालू डिझाइनचं हे असेल तर १९८६ ची फरशी कुठून जुळणार?

आणि नवीन टाइल्स घेतल्या तर एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवा, खोक्यासकट. नुसत्या टाइल्स ठेवल्या तर नंबर जातो.

फरशीवाला बाबा (धुळे)

ताई, नमस्कार. मी धुळ्यात फरशीकाम करतो. सुरुवात पॉलिश मशीनवर हेल्पर म्हणून केली, म्हणजे मोझॅकच्या चिखलात उभं राहूनच धंदा शिकलो. आता गुडघे ऐकत नाहीत. फरशी पोरं लावतात, मी दोरी बघतो आणि शिव्या देतो.

शिरपूरकर भाऊंचं त्यांच्या घरापुरतं बरोबर आहे. व्हिट्रिफाइड नऊ-दहा मिलिमीटरची असते, तिचा रंग आणि तकाकी कारखान्यातच ठरते. घरी बसवल्यावर तिला घासून बदलता येत नाही, म्हणून शेड चुकली की चुकली. मोझॅकचा मामला वेगळा आहे. ती २२ ते २५ मिलिमीटर जाड. त्यातला वरचा पाच-सहा मिलिमीटरचा थर संगमरवरी चिप आणि सिमेंटचा, खाली नुसता सिमेंटचा माल. वरचा थर घासला की आतून ताजी फरशी निघते. चाळीस वर्षं वापरली तरी त्यातला एखादा मिलिमीटर गेला असेल. आयुष्य संपलं असं तिला म्हणू नका, भाऊ. आम्ही याहून जुन्या फरश्या घासून चकचकीत केल्यात.

आता तुमचा नमुना. तो निळसर दिसतो म्हणता, पण तुम्ही त्याला कशाशेजारी ठेवलं? चाळीस वर्षांचं फिनेल, ओल्या फडक्याचा मळ, दिवाळीचं तेल, कधीतरी कुणी लावलेलं मेण, हे सगळं वर बसलेल्या फरशीशेजारी. तो रंग फरशीचा नाही. आधी कोपऱ्यात, कपाटामागे वगैरे, दोन फुटांचा तुकडा हँड ग्राइंडरने घासून घ्या. मग त्यावर पाणी मारा. ओली असताना जो रंग दिसेल तोच पॉलिश झाल्यावरचा रंग समजा. नवीन नमुनाही ओला करा आणि मग दोन्ही दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली बघून घेतलेल्या फरश्या परत करायला आलेली माणसं मी खूप पाहिलीत. मोबाइलवर फोटो काढून दुकानात नेऊ नका, अख्खी फरशी न्या.

हे केल्यावर तुमचा नमुना आत्तापेक्षा जवळ येईल. तरीही तो हॉलमध्ये बसवू नका.

कारण एक, आकार. तुमची फरशी १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर. नवीन बहुतेक २५० ची असेल, टेप लावून बघा. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण १२ फुटांत १४-१५ फरश्या बसतात. १४ चोक ५६, सव्वादोन इंच. ओळ पहिल्या फरशीला जुळलेली असेल आणि शेवटी सव्वादोन इंच सरकलेली. ते लपवायला मिस्त्री सांधे रुंद करतो, आणि मोझॅकमध्ये रुंद सांधा लगेच डोळ्यात भरतो, कारण ती जवळजवळ बिनसांध्याचीच लावतात.

कारण दोन, चिप. रंगाचं सिमेंट मिळतं, चिपचा नेमका आकार आणि मिसळ मिळत नाही. मोझॅकचे छोटे कारखाने बरेचसे बंद पडले नाहीतर पेव्हिंग ब्लॉककडे वळले.

म्हणून माझं सांगणं असं की जुन्यासारखी नवीन शोधूच नका. जुनीच घ्या. ती तुमच्या घरात आहे, कोठीच्या खोलीत. त्याच साली, त्याच गाडीतून उतरलेली फरशी. कोठ्यांखाली आणि रॅकखाली तिला कोण बघतं? ती काढा आणि हॉलमध्ये बसवा. ठेकेदाराने आणलेला नमुना बसवायचाच असेल तर कोठीत बसवा, नाहीतर तिथे शहाबादी टाका. धान्याला काही फरक पडत नाही. उजेडात जुनी, अंधारात नवी.

आता मापं बघा, तुमचं नशीब चांगलं आहे. हॉलकडचे ४ इंची तुकडे काढले की ४ अधिक ६, बरोबर १० इंच. म्हणजे हॉलची एक अख्खी ओळ तिथे सरळ पुढे जाते, कापाकापी नाही. पंधरा फरश्या लागतील. आता जेवणाच्या खोलीकडचे ७ इंची तुकडे. तेही काढा, आणि तिथे काळा पट्टा द्या, सरळ आरपार. रेघा तीन इंचांनी चुकतात ना? त्या चुकलेल्या रेघा एकमेकींना भिडू द्यायच्याच नाहीत. मध्ये काळा पट्टा आला की हॉलच्या रेघा त्याच्या अलीकडे थांबतात, जेवणाच्या खोलीच्या पलीकडून सुरू होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं घर बांधतानाच असं केलं होतं. फसतं ते जुळवण्याचा अर्धामुर्धा प्रयत्न केलेलं काम. पाव इंचाचा उतारही १७ इंचांत वाटून जातो, पायाला कळणार नाही.

फरशी काढायची कशी, ते नीट वाचा, कारण तुमचा ठेकेदार हातोडा घेऊन बसेल. एक फरशी बळी द्यायची, मधोमध फोडायची. तिच्या जागेतून पुढच्या फरशीच्या खाली, मालामध्ये (फरशी ज्यावर बसवतात त्या चुना-सिमेंटच्या थरात), चपटी छिन्नी घालायची. त्याआधी चारी बाजूंचे सांधे कटरने डायमंड ब्लेड लावून मोकळे करायचे. वरून कधीच मारायचं नाही. खालचा माल चुन्याचा किंवा कमी सिमेंटचा असेल तर फरशी सुटी होते. जड सिमेंटवर असेल तर दहातल्या तीनचार फुटतातच. म्हणून पंधरासाठी पंचवीस काढायची तयारी ठेवा. भिंतीच्या पायथ्याच्या स्कर्टिंगचे दोन पट्टेही कोठीतूनच काढा. भिंत जिथे दोन बाजूंच्या भिंतींना टेकली होती तिथे स्कर्टिंगही तुटलेलं असणार, हे सगळे विसरतात आणि शेवटी पांढऱ्या सिमेंटने बुजवतात.

काढलेल्या फरशीच्या पाठीचा माल छिन्नीने उतरवायचा, फरशी पाण्यात भिजवायची आणि मग लावायची. कोरडी लावली तर ती मालातलं पाणी पिते, आणि वर्षभरात ठोकली की पोकळ वाजते. कोठीतली फरशी कमी झिजलेली असेल, त्यामुळे हॉलच्या फरशीपेक्षा केसभर वर राहील. राहू द्या. मशीन तिला खाली आणते. खाली राहिलेल्या फरशीला मात्र वर आणणारं मशीन अजून निघालेलं नाही.

पारोळ्याचा

ताई, मना घरमा बी आसंच व्हयनं! आम्ही ओसरी आत घेतली तेव्हा. बाबांनी सांगितला तसा काळा पट्टाच दिला, पण ग्रॅनाइटचा. तयार पॉलिश मिळतो, डाग पडत नाही, झाडूपोछ्याला बरा. तुम्हीही ग्रॅनाइटच द्या. उंबरठ्यासारखा वर मात्र ठेवू नका, कानबाईला रात्रभर बायका नाचतात, कुणीतरी अडखळेल.

साइट इंजिनियर (जळगाव)

फरशीवाल्या बाबांनी रचना छान सुचवली आहे. मी फक्त खालच्या बाजूचं सांगतो, कारण तिकडे कुणी बघत नाही.

मधला काँक्रीटचा उंचवटा कुणाच्या निष्काळजीपणामुळे आलेला नसावा. आतल्या भिंतीखाली काँक्रीटचा थर देतात, तो तिथेच राहतो. दोन्ही बाजूंच्या खोल्यांखाली मुरूम किंवा मातीची भर असते आणि ती वर्षानुवर्षं बसत जाते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे खोलीच्या मधोमध फरशी दबलेली सापडते आणि भिंतीच्या रेषेत उंच. तुमच्या खोल्यांतला पाव इंचाचा फरकही बहुधा असाच आला असेल. तो उंचवटा फोडून किमान दोन-अडीच इंच खाली न्या. फरशीची जाडी एक इंच आणि खाली मालाला जागा हवी. वरच्या वर पातळ माल टाकून फरशी चिकटवली तर तिथेच तडा जाईल, कारण खाली एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही.

दुसरं, काम सुरू करण्याआधी दोन्ही खोल्यांतली फरशी लाकडी दांड्याने ठोकून घ्या. जिथे ढबढब वाजेल तिथे खडूने खूण करा. जड पॉलिश मशीन पोकळ फरशीवरून गेलं की ती हमखास तुटते. अशा ठिकाणी सांध्यातून पातळ सिमेंटचं पाणी सोडून भरता येतं, नाहीतर फरशी उचलून पुन्हा बसवावी लागते.

व्हिट्रिफाइडवाल्यांसाठी एक वाक्य. मोझॅकवरून बसवायची तर आधी मोझॅकला छिन्नीने टाके मारून खरबरीत करावं लागतं, पातळी अर्ध्या इंचाने वर येते, आणि मग सागवानी दारं खालून कापत बसा.

नवीन सिमेंट टाइल किंवा टेराझो (मोझॅकसारखीच फरशी) बनवून घ्यायचीच असेल तर मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ पासून त्या धंद्यात आहे. पंधरा फरश्यांसाठी तिकडे जावं असं मी म्हणणार नाही.

एका बाबतीत बाबांशी माझं जमत नाही. हे काम मी पावसाळा संपल्यावर केलं असतं. ओल्या हवेत फरशीखालचा मालाचा थर लवकर वाळत नाही.

फरशीवाला बाबा (धुळे)

इंजिनियर साहेब, कानबाई दसऱ्याला बसत नाही.

गंमत जाऊ द्या. सिमेंटच्या कामाला ओल चांगलीच, उलट मे महिन्यात ४५ अंशांत आम्ही तरटं भिजवून भिजवून थकतो. घराच्या आत काम आहे, छत आहे. फक्त एकाच वेळी सगळी खोली उघडू नका.

पारोळ्याच्या भाऊंना एक सांगतो. ग्रॅनाइट वाईट नाही, पण ताईंना सगळी फरशी घासून घ्यायची आहे. मोझॅकची चिप संगमरवराची, म्हणजे मऊ. ग्रॅनाइट तिच्यापेक्षा खूप कडक. दोन्हींवरून पॉलिशचा एकच दगड फिरवला तर ग्रॅनाइट जागेवर राहतो आणि शेजारची मोझॅक खाल्ली जाते. पट्ट्याच्या दोन्ही कडांना खळगा पडतो. त्यात पश्चिमेचं ऊन, म्हणजे तो लगेच दिसणार. कडप्पा चुनखडीच्या जातीचा, मोझॅकच्या जवळपासच्या कडकपणाचा. दोघं बरोबर झिजतात. म्हणून कडप्पा. ओट्यावर लावतो तोच, पण एकसारख्या जाडीचा बघून घ्यायचा आणि १२ फुटांत कमीत कमी तुकडे करायचे. मधले सांधे हॉलच्या सांध्यासमोर आणायचे. लिंबू आणि ताक त्यावर सांडून ठेवू नका, डाग धरतो. हे मोझॅकलाही लागू आहे.

तापीकाठची (भुसावळ)

सगळ्यांचे आभार. विशेषतः बाबांचे. तुमची पहिली पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. “उजेडात जुनी, अंधारात नवी” यावर त्या म्हणाल्या, हा माणूस शहाणा आहे, याला जेवायला बोलाव.

आता काय झालं ते सांगते. कपाटामागचा कोपरा घासून ओला करून बघितला. मला वाटत होतं आमची जमीन राखाडी आहे, ती चक्क पांढरी निघाली. आमच्या यांना तर हिरवी चिप इतकी हिरवी आहे हेच माहीत नव्हतं, आणि ते या घरात लहानाचे मोठे झालेत. नमुना त्याशेजारी ओला करून ठेवला तर रंग बराच जवळ आला, पण चिप बारीकच. टेप लावला: २५० मिलिमीटर. म्हणून तो कोठीत पाठवला.

कोठीतल्या कोठ्या हलवणं हेच खरं काम होतं. त्यातल्या एकीत अजून गेल्या वर्षीची दादर ज्वारी होती. फरश्या मात्र मऊ मालावर निघाल्या. ठेकेदाराचा माणूस आधी वरूनच हातोडा मारायला लागला होता, त्याला थांबवून बाबांची पोस्ट वाचायला दिली. त्याने ती वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि गाडीतून कटर आणला. भिंतीकडेच्या काही फुटल्या, पण पुरेशा अख्ख्या आहेत. स्कर्टिंगचे तुकडेही मिळाले. उंचवटा फोडला. दांड्याने ठोकून बघितलं तर हॉलमध्ये दाराजवळ पोकळ जागा सापडली, तिथे इंजिनियर साहेबांनी सांगितलं तसं भरून घेतोय.

हॉलची ओळ लागली आहे. दोरी मीच धरली. कडप्पा आणून ठेवलाय, उद्या बसेल.

पुढचे प्रश्न आता. पॉलिश किती दिवसांनी करायचं? ठेकेदार म्हणतो, ॲसिड मारून देतो, डाग सगळे निघतील. ते करू द्यायचं का? आणि रंगकाम आधी की पॉलिश आधी? कानबाईच्या आधी घराला रंग द्यायचाच असतो, रंगवाला रोज फोन करतोय.

फरशीवाला बाबा (धुळे)

ताई, जेवायला नक्की येतो, कळण्याची भाकरी असेल तर.

ॲसिड. कोणतं, ते त्याला विचारा. संडास धुवायचं जे पिवळं ॲसिड असतं ते म्हणत असेल तर त्याला दारातच थांबवा. संगमरवर त्यात विरघळतो, फेस येतो तो फरशीचाच असतो. चिप खड्ड्यात जाते, सिमेंट वर राहतं, आणि नंतर कितीही घासलं तरी हात फिरवल्यावर खरखर लागते. पॉलिशवाले शेवटी वापरतात ते ऑक्झॅलिक, पांढरी पूड असते. ती थोडी घेऊन, पाण्यासोबत मशीनखाली फिरवतात आणि लगेच धुतात. तिने चमक येते. दोन्हींना गल्लीत ॲसिडच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

दिवस. शेवटची फरशी आणि कडप्पा बसल्यापासून सात दिवस ओलं ठेवा, तरटं टाकून. त्या पट्ट्यावरून कुणी चालायचं नाही, मधून जायचंच असेल तर फळी टाका. पालिकेचं तापीचं पाणी येत असेल तर तेच वापरा. बोअरचं क्षारी पाणी असेल तर पांढरे डाग वर येतात आणि मग माणसं फरशीवाल्याला बोलावतात. सांधे फरशीच्या रंगाच्या सिमेंटने आधीच भरून घ्या. पांढऱ्या सिमेंटमध्ये चिमूटभर राखाडी मिसळून कोपऱ्यात वाळवून बघा आणि मग ठरवा. आठ-दहा दिवसांनी मशीन आणा. पहिला ६० नंबरचा दगड. त्यानंतर बारीक भोकं उघडी पडतात, ती त्याच रंगाच्या सिमेंटने पुन्हा भरायची, दोनतीन दिवस थांबायचं. मग १२०, मग ३२०, एकेक बारीक होत जाणारा. पॉलिशवाला घाईत असला की मधला थांबा गाळतो आणि भोकं तशीच राहतात, मग त्यात मळ बसतो. त्याचे पैसे ३२० नंबरचा दगड फिरवून झाल्यावरच द्या.

फक्त पट्टा घासून घेऊ नका. दोन्ही खोल्या पूर्ण, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कोपऱ्यात आणि स्कर्टिंगला मोठं मशीन पोहोचत नाही, तिथे हँड ग्राइंडर. हे आधी बोलून घ्या, नाहीतर शेवटी चारी बाजूंनी सहा इंचांची काळी चौकट राहते आणि तो म्हणतो, याचे वेगळे लागतील.

रंग पॉलिशनंतर. मशीनचा चिखल भिंतीवर कंबरेपर्यंत उडतो. प्लास्टरचं आणि पुट्टीचं काम आधी होऊ द्या, शेवटचा हात नंतर. रंगवाल्याला सांगा, खाली पुठ्ठे अंथर.

आणि दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पॉलिशवाल्याला फोनवरच विचारा, मशीन सिंगल फेजचं आहे की थ्री फेजचं. जड मशीन थ्री फेजवर चालतं. घरात तसं कनेक्शन नसेल तर सिंगल फेजचं मागवा, वेळ जास्त लागेल पण काम होईल. दुसरं, तो पांढरा चिखल मोरीत सोडू देऊ नका. तो सिमेंटच आहे, पाइपात बसला की दगड होतो. घमेल्याने भरून बाहेर एका खड्ड्यात टाका, पाणी जिरलं की पोत्यात भरता येतो.